बेळगाव सीमाभागातून पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाला पोलीस ठाण्याची पायरी दोन कारणांनी जड वाटते. एक तर ते ठाणं, आणि वर तिथला कागद कन्नडमध्ये. किरकोळ कामं आता बरीचशी मोबाईलवर होतात, पण कुठलं काम कुठल्या खिडकीवर हे ठाऊक नसलं की भलताच कागद हातात येतो आणि विमावाला किंवा बँकवाला तो बघून परत पाठवतो. अर्ज भरून देण्याच्या कामात लोक जे पुन:पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केलंय.

ऑनलाइन काय सांगायचं आणि काय नाही?

घटना घडून गेली आहे, चोर समोर नाही, कुणाच्या जिवाला धोका नाही, असं असेल तर ऑनलाइन चालतं. हरवलेली कागदपत्रं, गेलेला मोबाईल, रात्रीतून नेलेली सायकल, फोडलेली गाडीची काच, फोनवरून झालेली फसवणूक ही त्यातली नेहमीची प्रकरणं. मारामारी चालू आहे, कुणी घरात शिरलंय, अपघात झालाय, तर फॉर्म भरत बसू नका, ११२ फिरवा. बाईमाणसाला त्रास होत असेल तर १८१, लहान मुलाचा प्रश्न असेल तर १०९८.

पाकीट गेलं. ‘हरवलं’ लिहू की ‘चोरलं’?

नव्वद टक्के गोंधळ इथंच होतो म्हटलं तरी चालेल. गणपत गल्लीत दिवाळीच्या गर्दीत खिशातून पाकीट गेलं, ते पडलं की मारलं हे तुम्हालाही सांगता येत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘हरवलं म्हणून टाक, लगेच कागद मिळतो.’ मिळतो हे खरं. पण ‘हरवलं’ म्हटल्यावर गुन्हा घडलाच नाही असा त्याचा अर्थ होतो. तपास होत नाही, कुणी सीसीटीव्ही बघत नाही. चोरीचा विमा असेल तर विमा कंपनी तो कागद मान्य करत नाही.

म्हणून साधा हिशेब ठेवा. फक्त डुप्लिकेट कागदपत्रं काढायची आहेत आणि कुठं पडलं याचा पत्ता नाही, तर हरवल्याची नोंद पुरते. कुणी खिसा कापला, बॅगेची चेन उघडी दिसली, गाडीच्या डिकीतून नेलं, कुणी धक्का दिल्याचं आठवतंय, तर ती चोरी आहे आणि चोरी म्हणूनच लिहा. पटकन कागद मिळावा म्हणून चोरीला हरवणं म्हणू नका. उद्या तुमचं सिम कुणी गैरकामाला वापरलं तर ‘माझं सिम चोरीला गेलं होतं’ हे सांगायला तुमच्या हातात काही उरत नाही.

कन्नड फॉर्मवर ‘कळवु’ असेल तर ती चोरी, ‘कळेदु होगिदे’ असेल तर हरवलं. सुरुवात सारखी दिसते म्हणून घाईत चुकीच्या चौकटीवर बोट पडतं.

हरवल्याची नोंद कशी करायची?

कर्नाटक राज्य पोलिसांच्या वेबसाइटवर आणि केएसपी ॲपमध्ये ‘ई-लॉस्ट’ नावाची सोय आहे. नाव, पत्ता, मोबाईल नंबर, काय हरवलं, कुठं आणि कधी, एवढं भरायचं. ओटीपी आला की टाकायचा, नोंदीचा कागद तयार होतो. पोलीस त्याची चौकशी करत नाहीत. तुम्ही जे सांगितलं त्याची ती पोच आहे.

दोन गोष्टी सांभाळा. नाव आधारवर जसं आहे तसंच टाका. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि इथं नाही, एवढ्यावरूनही डुप्लिकेट आरसी अडकू शकते. आणि हरवलेल्या प्रत्येक कागदाचा नंबर लिहा. ‘लायसन्स व इतर कागदपत्रे’ असं मोघम लिहिलं की आरटीओत ‘इतर’ला काही किंमत नसते. नंबर पाठ नसतात हे खरं, पण डिजिलॉकरमध्ये, जुन्या झेरॉक्सवर किंवा घरच्या व्हॉट्सॲपवर कुठंतरी फोटो सापडतोच.

मोबाईल गेला. तो बंद कसा करायचा?

मोबाईलसाठी केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर सीईआयआर ही सोय आहे. देशभर ती मे २०२३ पासून चालू आहे. मोबाईलचा आयएमईआय नंबर तिथं ब्लॉक केला की त्या मोबाईलमध्ये कुठल्याही कंपनीचं सिम घातलं तरी तो देशात कुठं चालत नाही. कुणी सिम घालून बघितलं तर त्याचा माग पोलिसांना मिळतो. असे सापडलेले मोबाईल पोलीस मालकांना बोलावून परत देतात, त्याच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरात अधूनमधून येतात.

क्रम मात्र चुकवू नका. आधी पोलिसांचा कागद, म्हणजे हरवल्याची नोंद किंवा चोरीची तक्रार. मग त्याच नंबरचं दुसरं सिम. मग सीईआयआर. कारण त्या फॉर्ममध्ये पोलीस तक्रारीची प्रत आणि तक्रारीचा नंबर मागतात, आणि ओटीपीसाठी चालू मोबाईल नंबर लागतो. आज सिम काढून लगेच तासाभरात फॉर्म भरायला बसलात तर ओटीपी येणार नाही. नव्यानं दिलेल्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो. ‘साइट बंद आहे’ म्हणून लोक वैतागतात, साइट चालूच असते.

आयएमईआय १५ आकडी असतो. खोक्यावर असतो, बिलावर असतो. आत्ता हे वाचताय तोवर स्वतःच्या मोबाईलवर स्टार हॅश ०६ हॅश दाबा आणि येईल तो नंबर घरातल्या कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. दोन सिमचा मोबाईल असेल तर दोन नंबर येतील, दोन्ही लिहा, ब्लॉक करतानाही दोन्ही टाका. बिल नसेल तर ज्या दुकानात घेतला तिथं विचारा, जीएसटीचं बिल त्यांच्याकडं निघतं.

फॉर्ममध्ये जिल्हा निवडताना ‘बेळगाव’ शोधून सापडत नसेल तर ‘बेळगावी’ बघा. सरकारी दप्तरात १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच नाव आहे. मोबाईल परत मिळाला तर त्याच पोर्टलवर जाऊन अनब्लॉक करावा लागतो. हे विसरून दुकानात ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणून पैसे मोजणारेही आहेत.

मला कन्नड लिहिता येत नाही. मराठीत तक्रार चालते का?

चालते. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं, त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. बेळगावात मराठी वापरात आहे की नाही यावर वाद घालायची वेळ येऊ नये.

आता व्यवहाराचं बोलू. ऑनलाइन फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत आहेत. ठाण्यातला एफआयआर कन्नडमध्ये टाइप होतो, आणि पुढं कोर्टातही तो तसाच जातो. म्हणून आमचा सल्ला असा, की मराठी अर्ज द्या आणि त्याला चार ओळींचा इंग्रजी किंवा कन्नड गोषवारा जोडा. पोच मात्र मराठी अर्जावर घ्या, कारण तुमच्या मनातली हकिकत तिथं तुमच्या शब्दांत आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुमच्या सायकलीनं त्याच्या निकालापर्यंत थांबायचं कारण नाही.

एफआयआर लिहिल्यावर तक्रारदाराला तो वाचून दाखवायचा असतो, हे कायद्यातच आहे. ‘मराठीत सांगा’ म्हणा. या भागातल्या बऱ्याच पोलिसांना मराठी येतं, नाहीतर हिंदीत सांगतील. सही करण्यापूर्वी कागदावर बोट ठेवून निदान आकडे तपासा, ते बहुधा इंग्रजीत असतात : तारीख, वेळ, आयएमईआय किंवा गाडीचा नंबर, रक्कम. केए-२२ चं केए-२३ झालं तर गाडी बेळगावची न राहता चिकोडीची होते, आणि सहीनंतर ते दुरुस्त करून घेणं हे वेगळंच प्रकरण असतं. शंका राहिली तर कागदाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. भाषांतर ओबडधोबड येतं, पण ‘चोरी’ लिहिलंय की ‘हरवलं’ एवढं नक्की कळतं.

ठाण्याच्या ईमेलवर तक्रार पाठवली. एफआयआर झाला ना?

अजून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते. पण तीन दिवसांच्या आत तुम्ही त्यावर सही केली तरच ती नोंदीवर घेतली जाते. म्हणजे ऑनलाइनमुळं तुमची पहिली खेप वाचते, दुसरी नाही. मेल पाठवला आणि ‘आता ते बघतील’ म्हणून गावच्या जत्रेला निघून गेलात तर तीन दिवस कधी सरले कळणारही नाही.

मेलचा मोठा फायदा तारखेचा. ‘तुम्ही इतक्या उशिरा का आलात?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून पाठवलेला मेल दाखवता येतो. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या हवालदाराला कळवलं, ही तक्रार नव्हे.

सही झाल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागा.

शेतातल्या मोटरची केबल कापून नेली. एवढ्याशा गोष्टीला पोलीस दाद देतील का?

नदीकाठच्या गावांत हे दुखणं दरवर्षीचं. तांब्याची केबल रात्रीत कापतात, जाळून तांबं भंगारात घालतात, आणि ऐन पाण्याच्या पाळीला शेतकरी बसतो.

इथं रक्कम महत्त्वाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र धरला जातो. अदखलपात्र म्हणजे पोलीस वहीत नोंद घेतात, ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही. तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडं जायला सांगतात ते त्यामुळं. दर वेळी ती टाळाटाळ नसते.

म्हणून केबलची किंमत अंदाजानं ‘दोन-तीन हजार’ असं तोंडी सांगून मोकळे होऊ नका. किती मीटर, कुठल्या जाडीची, कधी घेतली, आज दुकानात काय भाव आहे, ते लिहा आणि दुकानदाराचं कोटेशन जोडा. स्टार्टर, फ्यूजपेटी गेली असेल तर तीही धरा. खरी बेरीज पाच हजारांच्या वर जात असेल तर ती जाऊ द्या. फुगवून वर नेऊ नका. अर्जात सर्व्हे नंबर, गावाचं नाव, शेवटचं कधी बघितलं आणि चोरी कधी लक्षात आली या दोन वेळा, कापलेल्या टोकाचा फोटो, आणि उताऱ्याची झेरॉक्स. शेजारच्या चौघांच्याही केबली गेल्या असतील तर प्रत्येकानं आपला अर्ज वेगळा द्यावा, पण एकाच दिवशी. एकेकटी तक्रार वहीत पडून राहते. चार एकदम आल्या की भंगारवाल्यांकडं फेरी होते, असा आमचा तरी अनुभव आहे.

गाडीची काच फोडणं, किरकोळ मारहाण, शिवीगाळ हीसुद्धा बहुतेक वेळा एनसीच होते. तरी नोंद करून ठेवा. तोच माणूस पुन्हा वाट्याला आला तर मागची नोंद कामाला येते.

आमचं गाव कुठल्या ठाण्यात येतं?

बेळगाव शहर आणि आसपासचा भाग पोलीस आयुक्तांकडं आहे : मार्केट, खडेबाजार, कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, माळमारुती, उद्यमबाग, एपीएमसी, शिवाय काकती, मारिहाळ, हिरेबागेवाडी, बेळगाव ग्रामीण. खानापूर, नंदगड, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक, अथणी ही ठाणी जिल्हा पोलीसप्रमुखांकडं. ऑनलाइन यादीत ‘बेळगावी सिटी’ आणि ‘बेळगावी’ असे दोन वेगळे विभाग दिसतात ते म्हणूनच. खानापूरच्या माणसानं ‘सिटी’ निवडलं तर आपलं ठाणं यादीत नाहीच, असं त्याला वाटतं.

राहते निपाणीत, पण पर्स कोल्हापुरात मारली. तक्रार कुठं?

तपास कोल्हापूरचे पोलीस करणार. पण तक्रार निपाणीतही देता येते. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर ठाण्यानं माहिती लिहून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडं पाठवायची, यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि तो आता कलम १७३ मध्येच आहे. ‘ते महाराष्ट्रात झालंय, तिकडं जा’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून इकडं बाजाराला येणाऱ्यांनाही हेच उलट्या बाजूनं लागू.

तरी एक सांगतो. अजून कोल्हापुरातच असाल तर तिथंच तक्रार करून निघा. झिरो एफआयआर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोचायला वेळ लागतो, आणि दुकानांतलं सीसीटीव्हीचं चित्रण तोवर पुसलं जातं.

रेल्वेत किंवा बसमध्ये वस्तू गेली तर?

रेल्वेत असाल तर १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर डबा आणि सीट नंबर देऊन कळवा. मिरज ते लोंढा मार्गावर कुठं गेली हे सांगता आलं नाही तरी तक्रार घेतली जाते. बसमध्ये विसरली असेल तर आधी डेपोत विचारा. तिकीट जपून ठेवा, त्यावरून बस ओळखता येते. बस वायव्य कर्नाटकची होती की महाराष्ट्राची लालपरी, हे आधी सांगा.

यूपीआयवरून पैसे गेले. सीईएन ठाण्यात (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारं ठाणं) जाऊ का?

नंतर जा. आधी १९३० वर फोन. लगेच, त्याच मिनिटाला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात आणि १९३० वर कळवलं की बँकांना ते मध्ये अडवता येतात. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर लेखी तक्रार. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, समोरच्याचा नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट लागतात. लाजेपोटी चॅट पुसू नका, तोच पुरावा असतो.

सोबत बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमची चूक नसताना तिऱ्हाइतानं खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्यावर पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचाच. पैसे गेले नाहीत, नुसता फसवा फोन आला, तर संचार साथीवरच्या ‘चक्षू’मध्ये नंबर कळवता येतो.

११२ लावला आणि फोन महाराष्ट्रात लागला, असं होतं का?

शिनोळी, कोगनोळी अशा हद्दीवरच्या गावांत मोबाईल पलीकडच्या टॉवरला चिकटलेला असतो, त्यामुळं होऊ शकतं. फोन उचलला की आधी राज्य, तालुका, गाव सांगा, मग घटना. ‘आमच्या गल्लीत’ एवढ्यानं गाडी येत नाही.

ठाण्यात तक्रार घेतच नाहीत. मग?

आधी कारण विचारा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपीच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, आणि किरकोळ प्रकरण एनसीत जाऊ शकतं. दखलपात्र गुन्हा असूनही नकार असेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं जिल्हा पोलीसप्रमुखांना, शहरात असाल तर आयुक्तालयात पाठवा. त्यानंतरही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्ट. सुप्रीम कोर्टानं २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. ठाण्याच्या दारात आवाज चढवण्यापेक्षा पोस्टाची पावती जास्त बोलते. अर्ज निकाली काढला असं तोंडी सांगितलं तर लेखी एन्डॉर्समेंट, म्हणजे अर्जाचं काय केलं याचं लेखी उत्तर, मागा. त्याला इकडं ‘हिंबरह’ म्हणतात.

वडील ७० वर्षांचे आहेत. त्यांना ठाण्यात यावंच लागेल का?

तक्रारीवर सही त्यांची हवी. पण साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर ६० वर्षांवरच्या माणसाला, बायकांना, १५ वर्षांखालच्या मुलांना, आजारी किंवा अपंग व्यक्तीला राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. हे नम्रपणे सांगितलं की बहुधा ऐकतात.

पैसे किती लागतात?

तक्रारीला काही नाही. ग्राम वन, कर्नाटक वन केंद्रात किंवा आमच्यासारख्याकडं फॉर्म भरून घेतला तर त्याची मजुरी, झेरॉक्स वेगळी.

विम्यासाठी थोडं वाढवून लिहिलं तर?

नको. खोटी माहिती देऊन सरकारी माणसाला कामाला लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ई-लॉस्टलाही तेच लागू.

तक्रार दिली, पुढं काय झालं हे कळणार कसं?

एफआयआर झाला असेल तर ठाणं आणि गुन्हा नंबर टाकून राज्य पोलिसांच्या वेबसाइटवर तो बघता येतो. लैंगिक अत्याचारासारखी नाजूक प्रकरणं तिथं टाकत नाहीत. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असतं, फोनवर मेसेज करून कळवलं तरी चालतं. म्हणून अर्जावर चालू नंबर द्या. चोरीला गेलेल्याच मोबाईलचा नंबर देऊन मेसेजची वाट बघणारे कमी नाहीत.

चोर सापडला नाही तर ‘सी रिपोर्ट’ होतो. गुन्हा घडलाच नाही किंवा गैरसमज होता असं ठरलं तर ‘बी रिपोर्ट’. गाडीच्या चोरीचा विमा सोडवायला सी रिपोर्ट लागतो, बी रिपोर्टवर दावा बुडतो. बी रिपोर्टची नोटीस आली आणि तुम्हाला तो मान्य नसेल तर दिलेल्या तारखेला कोर्टात हजर राहून हरकत घ्यायची. नोटीस कन्नडमध्ये असते. कळत नाही म्हणून कपाटात ठेवू नका, त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या आणि तारीख तेवढी मोठ्या अक्षरात वर लिहून काढा.